आधी सहचरी, मग रुग्ण : मुक्तांगणातला 'निशिगंध'

पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याआधी लेखक अनिल अवचट यांनी गर्दच्या, म्हणजे ब्राऊन शुगरच्या, विळख्यात सापडलेल्या तरुण पोरांवर लिहिले होते. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. नुसती हळहळ करून ते थांबले नाहीत. एक लाख रुपये देऊ केले आणि या पोरांसाठी काहीतरी उभे करा, असा आग्रह धरला. उभे केले ते अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी. त्या त्याच मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, आजारी आहे, हे त्यांचे साधे म्हणणे होते आणि त्यावरच केंद्राची सगळी रीत बसवली गेली. बरे झालेले रुग्णच पुढे समुपदेशक म्हणून तिथे काम करू लागले. १९९७ मध्ये डॉ. अनिता कर्करोगाने गेल्या. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी हे काम पुढे नेले.

मुक्तांगणात बाई आली ती आधी बायको म्हणून. नवरा दाखल, आणि घर, मुले, उधारी, शेजाऱ्यांची बोलणी सगळे हिच्या अंगावर. अशा बायकांसाठी तिथे 'सहचरी' गट सुरू झाला. तिथे त्या एकमेकींना मोकळेपणी सांगत, रडत, पुढचे ठरवत. हा गट फार मोलाचा आहे. तरी तिथे बसलेल्यांपैकी एखादीलाच झोपेच्या गोळ्यांची किंवा दारूची सवय असेल, तर तिने ती कुणाला सांगावी? स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग २००९ मध्ये सुरू झाला. केंद्र निघाल्यापासून तोवर तेवीस वर्षे गेली होती. मी याचा दोष मुक्तांगणाला देत नाही. उलट, पुष्कळांच्या आधी त्यांना ही गरज दिसली. पण या विषयातल्या चांगल्यातल्या चांगल्या संस्थेलाही इतका काळ लागावा, यावरून बाईचे व्यसन घराच्या किती आत दडवलेले असते ते कळते.

पुरुष पिऊन रस्त्यात पडतो. त्याला उचलून आणायला आई, बायको, भाऊ धावतात. बाई स्वयंपाकघरात, दार लावून पिते. कळले तरी घरचे 'बाहेर बोलू नका' म्हणतात, माहेरी धाडतात, मुले काढून घेण्याची धमकी देतात. शरीरही तिला सवलत देत नाही. तेवढ्याच दारूने बाईच्या यकृताला इजा लवकर होते आणि सवयीपासून आजारापर्यंतचा प्रवास तिचा कमी वर्षांत होतो. आणि दाखल व्हायचे तर तान्ह्याला कुणाकडे ठेवायचे? या एका प्रश्नापाशी कितीतरी जणींचे उपचार सुरू होण्याआधीच संपतात.

सरकारी पैसा या क्षेत्रात नाही असे नाही. १९८५-८६ पासून केंद्र सरकार सामाजिक संस्थांना व्यसनमुक्तीसाठी अनुदान देत आले आहे. आज ते काम सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आहे, आणि इतर संस्थांच्या माणसांना शिकवण्यासाठी मंत्रालयाने नेमलेल्या केंद्रांत मुक्तांगणही आहे. याच मंत्रालयाने २०१९ मध्ये देशभरच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के, स्त्रिया १.६ टक्के. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसलातरी उपचार मिळतो, असेही त्यात आहे. १.६ हा आकडा लहान दिसतो, म्हणून खाटा मोजताना बाई मागे राहते. पण एवढ्या मोठ्या देशात तो लहान आकडाही लाखांत जातो.

गरोदर बाईचा प्रश्न आणखी नाजूक. 'आजपासून बंद कर' असे तिला दरडावणे धोक्याचे असते. रोज भरपूर पिणारीने दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते. हेरॉइनसारख्या नशेत तर ती एकाएकी तोडू नये, मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देऊन डॉक्टरांच्या नजरेखाली बाळंतपण पार पाडावे, असे जागतिक आरोग्य संघटनेची २०१४ ची मार्गदर्शिका सांगते. अशा आईचे बाळ जन्मल्यावर थरथरते, किंचाळून रडते, धड पीत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या डॉ. लोरेटा फिनेगन यांनी १९७० च्या दशकात अशा बाळांची लक्षणे मोजण्याची गुणपद्धत बसवली, ती अजून जगभर वापरतात. अमेरिकेतला एक नियम मला महत्त्वाचा वाटतो : सरकारी अनुदान घेणाऱ्या केंद्राने गरोदर बाईला आधी जागा द्यायची, आणि जागा नसेल तर ४८ तासांच्या आत तात्पुरती मदत सुरू करायची. तिला रांगेत उभी करायची नाही.

आता इथे, आपल्या भाईंदर पूर्वेकडे येऊ. नवघर, गोडदेव, खारीगावातल्या बाईला येरवडा फार लांब. लोकलने दादर, तिथून पुण्याची गाडी, आणि पोटात बाळ. तिच्या जवळचे ठिकाण म्हणजे महापालिकेचे आरोग्य केंद्र, जिथे ती नाव नोंदवायला, इंजेक्शनला, लोहाच्या गोळ्यांना जातेच. आणि तिथे दारूच्याही आधी भेटते ती मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना लावायची. आजी लावते, सासू लावते, म्हणून तिला कुणी व्यसन म्हणत नाही. मळमळ थांबते, पोट साफ होते, असे सांगून गरोदरपणात ती उलट वाढते.

मुंबईत प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी १२१७ गरोदर बायकांचा बाळंतपणापर्यंत माग ठेवला. तो अभ्यास २००४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. धूरविरहित तंबाखू, म्हणजे बहुतेक मशेरीच, वापरणाऱ्या बायकांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी होती आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली होती. आधीच अडीच किलोच्या काठावर असलेल्या बाळाला हे १०५ ग्रॅम परवडत नाहीत. मृत बाळ जन्मण्याचा धोकाही अशा बायकांत वाढलेला त्यांना पुढे आढळला.

गरोदर बाईला व्यसनाबद्दल विचारण्याचे काम पुण्याला पाठवण्याचे नाही, इथेच करण्याचे आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी वजन आणि रक्तदाबासोबत मशेरी, दारू, गोळ्यांबद्दल विचारायचे. सगळ्यांना विचारायचे, म्हणजे कुणा एकीकडे बोट दाखवले जात नाही. दारू आणि इतर नशेबद्दल प्रत्येक भेटीत विचारा, असे जागतिक आरोग्य संघटनेची ती २०१४ ची मार्गदर्शिकाही सांगते. विचारायला पाच मिनिटे लागतात आणि आवाज खाली ठेवावा लागतो. सासू शेजारी बसलेली असताना हे विचारून उपयोग नाही. जिला पुढचा उपचार लागेल तिच्यासाठी जिल्ह्यात कुठेतरी अशी खाट हवी जिच्या शेजारी पाळणाही मांडता येईल, आणि त्या पाळण्याचा खर्च अनुदानात धरलेला हवा. निशिगंध उभा राहायला तेवीस वर्षे लागली. या पाळण्याला तेवढी लागू नयेत.

मीरा-भाईंदर महापालिकेच्या आरोग्य विभागाने नवघर, बंदरवाडीच्या केंद्रांपासून ही विचारणा सुरू करावी. आणि वाचणाऱ्या बायांनो, तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत अशी कुणी असेल तर तिला बोल लावू नका. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि इतर कोणत्याही नशेसाठी १४४४६ हे सरकारी मोफत क्रमांक आहेत. फोन तिच्या हातात द्या, आणि ती बोलेपर्यंत तिचे मूल तुम्ही घ्या.