भूगोलाच्या पेपरनंतर

२३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर होता. तो कोरोनामुळे आधी पुढे ढकलला, मग एप्रिलमध्ये रद्दच झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून गुण मिळाले. ‘सुटलात!’ म्हणून मोठ्यांनी पाठ थोपटली. ती मुलं खरोखरच सुटली. अडकली ती त्यांच्यामागची बॅच.

त्यांचं दहावीचं वर्ष बहुतेक मोबाइलवर गेलं. घरात फोन एक, शिकणारी भावंडं दोन, त्यात रेंजचा लपंडाव. परीक्षा होणार, लांबणार, होणारच. रोज नवी बातमी. अभ्यासाला बसावं की नाही, हेच कळेना. २० एप्रिल २०२१ला परीक्षा रद्द झाली. दुसऱ्या लाटेत घरोघर ऑक्सिजनसाठी धावाधाव चालू असताना दुसरं काही शक्यही नव्हतं. पण मग शंभरातले ५० गुण नववीवरून ठरले, आणि त्या नववीची वार्षिक परीक्षा टाळेबंदीमुळे झालीच नव्हती! निकाल लागला ९९.९५ टक्के. रात्री जागून अभ्यास केलेल्यांना पेढा गोड लागेना. अकरावीसाठी सीईटी जाहीर झाली, म्हणून पुन्हा पुस्तकं उघडली, तर ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने तीही रद्द केली.

हा साचलेला राग जानेवारी २०२२मध्ये धारावीत रस्त्यावर आला. ऑनलाइन परीक्षेसाठी पुढच्या बॅचची मुलं तत्कालीन शिक्षणमंत्र्यांच्या घरापुढे जमली. चिथावणीच्या आरोपावरून एका यूट्यूबरला अटक झाली आणि विषय तिथेच मिटवला गेला. चिथावणी असेलही, पण कोरड्या गवताशिवाय ठिणगी पेटत नाही. त्याच सुमारास एनसीईआरटीने देशभरातल्या पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांची चिंता सांगितली.

मार्चमध्ये या नव्या बॅचची दहावीची परीक्षा झाली. अभ्यासक्रम पाऊण, केंद्र आपापल्याच शाळेत, मोठ्या पेपरला अर्धा तास जास्त. लिहायची सवय मोडलेल्या हातांना तो अर्धा तास हवाच होता. निकाल ९६.९४ टक्के लागला.

माझ्या मते मुलांना परीक्षेने जेवढं छळलं नाही, तेवढं टांगणीवर ठेवण्याने छळलं. पुन्हा अशी वेळ आलीच, तर मंडळाने तारीख आणि नियम एकदाच, वेळेत सांगावेत. आणि आता कॉलेज संपवून नोकरी शोधणाऱ्या या मुलांना मुलाखतीत ‘कोरोना बॅच का?’ म्हणून हिणवणं तरी आपण थांबवावं.