माझ्यासमक्ष

पहिली पाळी सुटून तासभर झालेला असतो. चाकणजवळच्या निघोज्यातल्या भाड्याच्या खोलीत एक तरुण पाय दुमडून बसतो. त्याच्यासमोर लॅपटॉप आणि अंगठ्याचं छोटं मशीन असतं. दिवसभर कूलंटमध्ये भिजलेल्या बोटांच्या रेषा पुसट झालेल्या, त्यामुळे अंगठा पटकन लागत नाही. हात साबणाने धुऊन, कोरडे करून तो पुन्हा ठेवायचा. तिसऱ्या खेपेला मशीन ओळख पटवतं आणि खोलीतल्या सगळ्यांना हायसं वाटतं. खोलीमालकांनी सकाळीच मोशीतल्या आपल्या घरी अंगठा दिलेला असतो. खाडा न करता भाडेकरार होतो.

चाकण, भोसरी, तळवडे परिसरात या सोयीला सर्रास ‘घरपोच नोटरी’ म्हणतात. हा शब्द चुकीचा आहे. या खोलीत झाली ती नोंदणी, म्हणजे करार सरकारदप्तरी चढवणं. नोटरी वेगळी आणि नोंदणी वेगळी. हा फरक न कळल्यामुळे कष्टाने जमवलेली पुंजी अडकलेली माणसं या पट्ट्यात गावोगाव भेटतात, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

नोटरी नेमले जातात ते १९५२ च्या कायद्याने. साधारणपणे दहा वर्षं वकिली केलेल्या व्यक्तीला केंद्र किंवा राज्य सरकार ठरावीक क्षेत्रासाठी पाच वर्षांचं प्रमाणपत्र देतं. सही करणारा माणूस तोच आहे हे पाहणं, त्याची सही आपल्यापुढे घेणं, नोंदवहीत नोंद करणं आणि शिक्का मारणं हे नोटरीचं काम. त्या शिक्क्यामागचा अर्थ ‘माझ्यासमक्ष’ या एका शब्दात येतो. कागदातला व्यवहार कायद्याला धरून आहे की नाही, याची हमी त्या शिक्क्यात नसते.

आता भाडेकरार घ्या. ‘नोटरीवर करून टाकू, अकरा महिन्यांचाच तर आहे,’ हे वाक्य वाकडपासून खराबवाडीपर्यंत ऐकू येतं. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची केली, तिथून ही अकरा महिन्यांची पळवाट रूढ झाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने ती बंद केली. करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला की अटींबाबत भाडेकरू म्हणेल तेच खरं धरलं जातं, ते खोडून काढायचं ओझं मालकावर येतं.

खर्चाची भीतीही बरीचशी ऐकीव आहे. महिना ६,००० रुपये भाडं, २०,००० अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत धरू. एकूण भाडं ६६,००० झालं. त्यात अनामतीवर वर्षाला दहा टक्क्यांनी काढलेलं व्याज मिळवायचं आणि बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क भरायचं. ते दोनशे रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी फी शहरी हद्दीत १,००० आणि ग्रामीण हद्दीत ५०० रुपये. हाताळणी शुल्क आणि घरी येणाऱ्याचा मोबदला वेगळा, म्हणून तो आधीच विचारून घ्यावा. करार संगणकावर भरला जातो, मालक, भाडेकरू आणि साक्षीदार यांची आधारवरून ओळख पटते, छायाचित्रं निघतात आणि दुय्यम निबंधक डिजिटल सही करतात. मालक आणि भाडेकरूंनी एकाच जागी, एकाच वेळी असायलाच हवं असं नाही. हातात येणाऱ्या कागदांत सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणी झाल्याचा सरकारी उतारा, आहे ना, एवढं मात्र पाहून घ्यावं.

मग खरी फिरती नोटरी आपल्याकडे आहे का? आहे. आपल्या क्षेत्रात नोटरी पक्षकाराकडे जाऊ शकतात आणि त्यासाठी फीशिवाय प्रवासभत्ता घेण्याची सोय नियमांतच आहे. घराबाहेर पडू न शकणाऱ्या आजोबांसाठी हा मोठा आधार आहे. ऑनलाइन नोटरीचं तसं नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने २०१२ पासून व्हिडिओवरून नोटरीला परवानगी दिली, पुढे बऱ्याच राज्यांनी तोच मार्ग धरला. भारताच्या नोटरी कायद्यात अशी तरतूद नाही. केंद्र सरकारने २०२४ मध्ये नोटरी पोर्टल सुरू केलं ते नोटरींच्या नेमणुका आणि नूतनीकरणासाठी. त्यामुळे ‘स्कॅन पाठवा, शिक्का मारून देतो’ असं कुणी म्हणालं तर सावध व्हावं. सही करणारा समोर नसताना मारलेला शिक्का न्यायालयात पहिल्याच प्रश्नाला कोसळू शकतो.

पिंपळे सौदागर, वाकड, हिंजवडीकडच्या कितीतरी सदनिकांचे मालक परदेशात आहेत. पुण्यातल्या आईवडिलांना कुलमुखत्यारपत्र पाठवताना त्यांनी दस्त नोंदवण्याचा अधिकार द्यायचा असेल, तर नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत सही चालते. तिथल्या नोटरीची सही असेल तर वर ॲपॉस्टिल, म्हणजे ती सही खरी असल्याचा तिथल्या सरकारचा दाखला, घेतात, कारण २००५ पासून भारत त्याबाबतच्या हेग कराराचा सदस्य आहे. कागद इथे पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायला हवं. हाच अधिकार भारतात राहणाऱ्याने द्यायचा तर नोटरी पुरत नाही, दुय्यम निबंधकांपुढेच जावं लागतं.

सगळ्यात मोठा घाव बसतो तो जमिनीत. तुकडेबंदी कायद्यामुळे गुंठ्यांची नोंदणी होत नव्हती, त्या वर्षांत कारखान्यांच्या आसपासच्या गावांत ‘नोटरीवर गुंठा’ विकला गेला. गावाकडचं किडूकमिडूक मोडून, भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून कामगारांनी तो घेतला. पण शंभर रुपये किंवा त्याहून अधिक मोलाच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, हे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लँप खटल्यात स्पष्ट केलं. शिक्का कितीही ठसठशीत असला तरी त्याच्या जोरावर सातबाऱ्यावर नाव चढत नाही.

उलट काही कागदांना शिक्का लागतच नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदार पुरतात. नोटरी किंवा मुद्रांक बंधनकारक नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. राज्य सरकारने २०१५ मध्ये अनेक दाखल्यांसाठी शपथपत्राऐवजी साधं स्वयंघोषणापत्र स्वीकारायचं ठरवलं. तरी मुलाच्या दाखल्यासाठी आईवडील रोज बुडवून नोटरीच्या टेबलापुढे उभे राहतात, याचं वाईट वाटतं.

माणसाच्या दारी जाण्याची कल्पना मोबाइलने आणलेली नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडे दुय्यम निबंधकांनी जावं, ही सोय १९०८ च्या कायद्यातच आहे. आपल्याकडे तिला ‘गृहभेट’ म्हणतात. म्हणून घरी कुणी लॅपटॉप किंवा शिक्का घेऊन आलं, की आधी विचारावं: हा कागद नोटरीचा की नोंदणीचा? माझ्या कामाला यातलं काय लागतं? पैसे आणि अंगठा त्यानंतर. निघोज्यातल्या त्या तरुणाला अंगठा तीनदा ठेवावा लागला. पण त्याचा करार आता सरकारदप्तरी आहे, आणि उद्या अनामत परत मागताना त्याच्या हातात सूची क्रमांक दोन असेल.