बीबीए हॉस्पिटल मॅनेजमेंट करावं का? फी भरण्याआधी हे गणित करून बघा

जून आला की माझ्याकडे धंद्याचे प्रश्न कमी आणि ॲडमिशनचे जास्त येतात. यंदा सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न असा : "ताई, बारावीनंतर हॉस्पिटल मॅनेजमेंटची पदवी घेऊ का? पुढे स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय." व्हिडिओत यावर बोलले आहेच, पण आकडे आणि नियम ऐकण्यापेक्षा वाचलेले बरे.

माझं उत्तर आधीच सांगते. घ्या, पण कॉलेजच्या मागे खरंखुरं चालू रुग्णालय असेल तरच. एसी वर्ग आणि ब्लेझर बघून फी भरू नका. मी स्वतः साधं बीबीए केलंय. ताळेबंद वर्गात बसून शिकता येतो, मात्र रुग्णालय तसं शिकता येत नाही.

का, ते आपल्या महाबळेश्वरच्या भाषेत सांगते. लॉजवाला रोज काय बघतो? किती खोल्या भरल्या. रुग्णालयाचा व्यवस्थापकही तेच बघतो. समजा ३० बेडचं रुग्णालय आहे. महिन्याचे ३० दिवस धरले तर ९०० बेड-दिवस झाले. त्यातले ८१० भरले, म्हणजे ऑक्युपन्सी ९० टक्के. महिनाभरात २७० पेशंट घरी गेले असतील तर एक पेशंट सरासरी तीन दिवस राहिला. इथपर्यंत लॉज आणि दवाखाना सारखेच.

आता पुढे बघा. डॉक्टरांनी सकाळी राउंडला "आज घरी जा" म्हटलं, पण डिस्चार्ज कार्ड टाईप व्हायचंय, उरलेली औषधं मेडिकलला परत जायचीत, विमा कंपनीची मंजुरी यायचीय. पेशंट कपडे बदलून बसलेला, नातेवाईक काउंटरवर चिडलेले, आणि खाली कॅज्युअल्टीत दुसरा पेशंट त्याच बेडची वाट बघतोय. प्रत्येक डिस्चार्जला सरासरी अर्धा दिवस असा गेला तर २७० पेशंटमागे १३५ बेड-दिवस वाया. तीन दिवसांच्या हिशोबाने ती ४५ पेशंटची जागा झाली! नवीन बेड नाही, नवीन डॉक्टर नाही, फक्त कागद वेळेवर फिरले तर मिळणारी. कॅशलेस विम्यात डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, असा नियम विमा नियामकाने मे २०२४ मध्ये काढला. पण रुग्णालयाकडून कागदच उशिरा गेले तर त्या तीन तासांचं घड्याळ सुरू कधी होणार?

हे काम या पदवीचं. आणि लॉजपेक्षा अवघड, कारण मे महिन्यात आपण खोलीचा दर दुप्पट करतो, तसा डेंग्यूच्या साथीत बेडचा दर दुप्पट करता येत नाही. तो करणाऱ्याला मी हुशार धंदेवाला म्हणणार नाही.

आपल्याच तालुक्यात याहून मोठा धडा उभा आहे. पाचगणीचं बेल-एअर. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली ते क्षयरोग्यांसाठी सुरू केलं. तेव्हा टीबीवर औषध नव्हतं. उंचावरची कोरडी हवा, विश्रांती आणि चांगलं खाणं हाच उपचार, आणि पेशंट महिनोन्‌महिने राहायचे. पुढे औषधं आली. १९५० च्या दशकात तेव्हाच्या मद्रासमध्ये झालेल्या प्रसिद्ध अभ्यासात असं दिसलं की औषधं नीट घेतली तर घरी राहूनही पेशंट आरोग्यधामाइतकाच बरा होतो. समाजासाठी यापेक्षा चांगली बातमी कुठली? पण आरोग्यधाम चालवणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. इमारत तीच, हवा तीच, आणि गिऱ्हाईकाला आता तुमच्याकडे येऊन राहायची गरजच नाही. जगभर अशी आरोग्यधामं बंद पडली. बेल-एअर इंडियन रेड क्रॉस सोसायटीकडे आलं, पुढे एचआयव्हीच्या पेशंटची सेवा तिथे झाली, आज ते सर्वसाधारण रुग्णालय आहे आणि सोबत नर्सिंगचं कॉलेजही. हवा विकणारी संस्था सेवा आणि शिक्षण देणारी झाली. पुस्तकातल्या केस स्टडीत परदेशी कंपन्या असतात, ही आपल्यापासून २० किलोमीटरवर आहे.

दुसरं ठिकाण मिरज. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय सुरू केलं. मिरज रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे लांबलांबचा पेशंट थेट गाडीने यायचा. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. आज तिथल्या दवाखान्यांच्या आजूबाजूला फिरा. खानावळ, लॉज, मेडिकल, लॅब, रिक्षा, व्हीलचेअर भाड्याने देणारा. एका रुग्णालयाच्या जोरावर किती घरं चालतात ते मोजा. उद्योजक व्हायचं असेल तर दोन दिवस तिथे नुसतं उभं राहून बघणं हा फुकटचा अभ्यासक्रम आहे.

आता पदवीचं. बीबीए, बीएमएस, बी.व्होक अशा वेगवेगळ्या नावांनी हा विषय मिळतो आणि बहुतेक ठिकाणी बारावी कुठल्याही शाखेची चालते. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी सुरू झाली. म्हणून कॉलेजकडे त्याच वर्षाचं मान्यतापत्र मागा, मागच्या वर्षाचं नको. काही कॉलेजं मान्यतेच्या कटकटीतून सुटायला अभ्यासक्रमाचं नावच बदलतात, तेव्हा पदवी कुठल्या विद्यापीठाची आणि तिच्यावर नेमकं काय छापून येणार हे लेखी घ्या. नव्या धोरणात तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स.

पालकांसाठी एक कडू गोष्ट. तीन वर्षांनी मुलगी थेट केबिनमध्ये बसणार नाही. वरच्या खुर्चीवर बहुतेक डॉक्टर असतात. एम्सने हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचं पदव्युत्तर शिक्षण १९६६ मध्ये सुरू केलं तेही डॉक्टरांसाठीच. डॉक्टर नसलेल्यांसाठी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारखी वाट आहे, पण पदवीनंतरची. बारावीनंतरची पदवी तुम्हाला फ्रंट ऑफिस, बिलिंग, रेकॉर्ड, स्टोअर आणि विम्याच्या टेबलावर नेते. मला विचाराल तर धंदा करायचा असेल त्याच्यासाठी हीच टेबलं सोन्याची. पैसा कुठे अडकतो ते तिथेच दिसतं.

विम्याचं आणि योजनेचं टेबल घ्या. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आयुष्मान भारत २०१८ मध्ये आली. दोन्हींत उपचारांचे दर ठरलेले पॅकेज असतात आणि पैसे नंतर येतात. आधी मंजुरी, मग उपचार, मग कागद. एक रिपोर्ट, एक फोटो राहिला की क्लेमवर शंका काढली जाते आणि पैसे लटकतात. पगार मात्र एक तारखेलाच द्यायचे! छोटी रुग्णालयं इथेच दमतात. गरीब पेशंटला "योजना आमच्याकडे बंद आहे" असं ऐकावं लागतं, त्यामागे पुष्कळदा हे अडकलेलं टेबल असतं. ते काम नीट जाणणाऱ्या पोराला किंवा पोरीला तीन-चार लहान रुग्णालयांचं काम एकत्र घेऊन स्वतःचं ऑफिस थाटता येतं. भांडवल कमी, डोकं जास्त.

स्टोअरचं टेबल आपल्या घाटमाथ्यावर तर वेगळंच. रोज ४० सलाईन लागतात, माल यायला तीन दिवस लागतात, म्हणजे १२० उरल्या की ऑर्डर टाकायची. हे झालं पुण्याचं गणित. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात २४ तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, रस्त्यांवर दरडी आल्या. पावसाळ्यात घाट पाच दिवस बंद राहील असं धरलं तर आणखी २०० हव्यात. मग ऑर्डरची पातळी ३२०. पण जास्त भरलं की एक्स्पायरी. जॅमची बाटली आपण सेलमध्ये काढतो, औषध तसं काढता येत नाही.

रुग्णालयाला माल किंवा सेवा विकायचा विचार असेल तर एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. आरोग्यसेवेवर जीएसटी नाही (आयसीयू सोडून दिवसाला ५,००० रुपयांवरची खोली असेल तर जुलै २०२२ पासून ५ टक्के आहे). ऐकायला छान. पण सेवा करमुक्त म्हणून रुग्णालयाला खरेदीवरच्या जीएसटीचं क्रेडिटही मिळत नाही. तुम्ही १०० रुपये अधिक १८ टक्के असं कोटेशन दिलं की दुकानदार ते १०० धरतो, रुग्णालय ११८ धरतं. तिथे दराची घासाघीस का जास्त होते ते आता कळलं असेल.

आणि हो, ही पदवी म्हणजे परवाना नव्हे. मेडिकल टाकायला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. नर्सिंग होमची नोंदणी १९४९ च्या कायद्याखाली होते आणि तिथे पात्र डॉक्टर, नर्स लागतात. लॉजची लाँड्री असलेल्यांना पावसाळ्यात रुग्णालयाच्या चादरी घ्याव्याशा वाटतात. घ्या, पण रक्त लागलेले कपडे वेगळे येतील, वेगळे धुतले जातील, ही सोय आधी. जैविक कचऱ्याच्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या वर्गवारीचे २०१६ चे नियम आहेत आणि प्रक्रियेविना तो ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. अधिकारपत्राशिवाय त्या कचऱ्याला हातसुद्धा लावू नका.

कॉलेज बघायला गेलात की प्राचार्यांना नाही, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये गाठा. इंटर्नशिप कुठल्या रुग्णालयात झाली, किती आठवडे, आणि तिथे बिलिंगच्या सॉफ्टवेअरला हात लावू दिला की नुसतं रिसेप्शनवर उभं केलं, एवढं विचारा. सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात मोठी रुग्णालयं आहेत, तेव्हा "जवळ सोय नाही" हे कारण ऐकून घेऊ नका. फी जड जात असेल तर सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी एखाद्या नर्सिंग होमच्या काउंटरवर काम, असं जमतंय का बघा. कर्मवीर अण्णांच्या साताऱ्यात "कमवा आणि शिका" कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

रुग्णालयाला द्यायच्या कोटेशनचा नमुना पुढच्या व्हिडिओत भरून दाखवते. तुमच्या मालाचे दर आणि जीएसटीचा टक्का लिहून तयार ठेवा.