नजारा राहू द्या, ताटात काय ते बोला!

तुमच्या फोनमध्ये सेव्ह केलेल्या रील्स एकदा चाळून बघा. पांढऱ्याशुभ्र भिंती, निळे घुमट, खाली निळंशार पाणी आणि कठड्याला लागून मांडलेलं दोघांचं टेबल, अशी एक तरी रील त्यात नक्की सापडेल. ग्रीसमधलं सँटोरिनी बेट ते! ‘आयुष्यात एकदा तरी इथे जेवायचंच’ असं लिहून तुम्ही ती ग्रुपवर टाकलीही असेल. जरूर जा. पण त्या टेबलाचं गणित आधी समजून घ्या. कारण तेच गणित आपल्या बुलढाण्याच्या, खामगावच्या आणि शेगावच्या चौकातही चालतं.

कठड्याचं भाडं

सँटोरिनीच्या मुख्य गावाचं नावच फिरा. आपल्याला लक्षात ठेवायला एकदम सोपं! सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी तिथे ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, बेटाचा मधला भाग खचला आणि त्यात समुद्र शिरला. त्या खोल कुंडाच्या काठावर हे गाव वसलंय. आपल्या जिल्ह्यातल्या लोणारच्या काठावर उभं राहून खाली बघितलं असेल, तर कल्पना करायला अवघड जाणार नाही. फरक इतकाच की लोणारचं विवर उल्कापातानं झालं आणि त्याचा व्यास दोन किलोमीटरही नाही.

आता फिरामध्ये काठावरच्या हॉटेलात बसलात, तर बिलात जेवणाबरोबर त्या दृश्याचेही पैसे असतात. गावाच्या मध्यात, मोक्याच्या जागी हॉटेल असलं की भाडं जास्त, म्हणून दरही जास्त. हे समजण्यासारखं आहे. खरी मेख पुढे आहे. तिथे आलेला पर्यटक दोन दिवसांत परत जातो आणि पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही. जेवण बरं असो की बेचव, उद्या नवीन बोट येणार आणि नवीन माणसं येणार. मग चव जपायची कुणासाठी?

म्हणूनच बेटांवर फिरलेले लोक एक सल्ला हमखास देतात: पाण्यापासून दोन गल्ल्या आत जा आणि गावातले लोक जिथे जेवतात तिथे बसा. ग्रीसमध्ये आणखी एक गंमत आहे. अनेक ठिकाणी न मागता ब्रेडची टोपली टेबलावर येते आणि तिचे थोडे पैसे बिलात लागतात. पण तिथला कायदाही खमका आहे. ‘पावती मिळाली नसेल, तर पैसे देण्याचं बंधन ग्राहकावर नाही’ अशी सूचना मेन्यूकार्डावर छापलेली असते.

युरोत विकलं जाणारं वरण

त्याच बेटावरचा सगळ्यात नावाजलेला पदार्थ कोणता, माहितीये? फावा. पिवळी डाळ मऊ शिजवायची, घोटायची, वर ऑलिव्हचं तेल आणि बारीक चिरलेला कांदा. म्हणजे आपलं घट्ट वरणच की! ही डाळ ज्या वनस्पतीची, ती आपल्या पूर्व विदर्भातल्या लाखोळीची चुलत बहीण. कोरडवाहू, वाऱ्यानं झोडपलेल्या जमिनीत येणारं हे गरिबाचं पीक. आज युरोपियन युनियनमध्ये या फाव्याच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे आणि चांगल्या हॉटेलांच्या मेन्यूवर त्याला मानाची जागा आहे.

आणि आपल्याकडे? बसस्टँडजवळच्या कुठल्याही ‘फॅमिली रेस्टॉरंट’चं मेन्यूकार्ड आठवा. पनीर टिक्का, व्हेज मंच्युरियन, हक्का नूडल्स. ज्वारीची भाकरी, पिठलं, वरण-बट्टी, रोडगे, वांग्याची भाजी, कळण्याची भाकरी हे कुठेय? एक तर घरी, नाहीतर गावाबाहेर हायवेवरच्या ढाब्यावर. गावाच्या मधोमध मात्र गावाचंच अन्न नाही. काऊन बरं असं?

गाडी थांबते तेवढ्या वेळात

याला एक दणदणीत अपवाद आपल्याच जिल्ह्यात आहे: शेगावची कचोरी.

शेगाव मुंबई–हावडा रेल्वेमार्गावर. या गावाची मोक्याची जागा म्हणजे स्टेशन. १९५० च्या आसपास, पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी तिथे कचोरी विकायला सुरुवात केली. आता कचोरी काही वऱ्हाडातला मूळ पदार्थ नाही. पण इथली कचोरी बघितली, तर ती स्टेशनसाठीच घडवल्यासारखी वाटते. आत मूगडाळीचं, बडीशेप-धण्याच्या वासाचं कोरडं सारण. बरोबर पातळ चटणी नाही, तर तळलेली हिरवी मिरची. वाटी नको, चमचा नको, सांडायची भीती नाही. गाडी दोन मिनिटं थांबली तरी खिडकीतून पैसे आणि पुडकं यांची अदलाबदल होते. बरं, कोरडी असल्यानं ती पुढच्या प्रवासातही टिकते.

म्हणजे बाहेरून आलेल्या माणसानं जागेची गरज ओळखली आणि पदार्थ तिथलाच होऊन गेला. आज विदर्भातल्या कितीतरी स्टेशनांवर आणि बसस्टँडवर ‘शेगाव कचोरी’च्या पाट्या दिसतात. एका गावाचं नाव पदार्थाला असं कायमचं चिकटणं ही साधी गोष्ट नाही.

परत येणारं गिऱ्हाईक

पण थांबा. स्टेशनवरचं गिऱ्हाईक तर सँटोरिनीच्या पर्यटकासारखंच, आलं आणि गेलं! मग इथे चव का टिकली?

कारण शेगावला येणारा माणूस परत येतो. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज या गावात प्रथम दिसले, ते उष्ट्या पत्रावळीतली शितं वेचून खाताना, असं सांगतात. या गावाची गोष्टच मुळी अन्नाच्या शितापासून सुरू होते. आज संस्थानात हजारो भाविक शिस्तीत बसून महाप्रसाद घेतात, तोही मोफत. प्रकटदिनाला, रामनवमीला, ऋषिपंचमीला, कुणी दर गुरुवारी, तीच कुटुंबं पुन्हा पुन्हा येतात. अशा गावात एकदा वाईट खाऊ घातलं, तर पुढच्या वर्षी तोच माणूस समोरच्या दुकानात जातो. शिवाय अख्ख्या डब्याला सांगतो.

तेव्हा चौकातलं हॉटेल पारखायची एकच कसोटी: इथे जेवणारा माणूस पुन्हा येईल, असं मालकाला वाटतंय का? वाटत असेल, तर जागा मोक्याची असूनही जेवण चांगलं मिळतं.

ते गिऱ्हाईक म्हणजे तुम्हीच

आता तुमच्याकडे येऊ. भक्त वर्षातून एकदा येतो, तुम्ही रोज येता. खेड्यातून एसटीनं कॉलेजला येणारी, खिशात पन्नास रुपये असलेली पोरं-पोरीच चौकातल्या हॉटेलांचं पक्कं गिऱ्हाईक आहेत. तुम्ही जे मागाल तेच उद्या मेन्यूवर येईल. म्हणून या गोष्टी बघायची सवय लावून घ्या.

• गर्दी कुणाची आहे? बाजूच्या दुकानातले कामगार, एसटीचे चालक-वाहक, कोर्टातले कारकून तिथे जेवत असतील, तर बिनधास्त बसा.

• नंबर शोधा. प्रत्येक नोंदणीकृत हॉटेलाला १४ अंकी अन्नसुरक्षा नंबर असतो. तो दर्शनी भागात लावलेला आणि बिलावर छापलेला हवा.

• तेलाकडे नजर टाका. काळं, फेसाळणारं, धूर सोडणारं तेल म्हणजे पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल. कढई बाहेरच असते. बघायला पैसे पडत नाहीत.

• बिल वाचा. सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये दिले आहेत. तो देणं तुमच्या मर्जीवर.

• कागदाला नाही म्हणा. छापील शाईच्या कागदात गरम पदार्थ बांधायला नियमानं मनाई आहे. हे पान वाचायला आहे, कचोरी गुंडाळायला नाही!

• विचारा. ‘दादा, पिठलं-भाकर मिळेल का?’ एकानं विचारलं तर मालक हसेल. रोज दहा जणांनी विचारलं, तर तो ज्वारीचं पीठ मागवेल.

या सगळ्यात शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी आहे. सँटोरिनीनं साधी डाळ कठड्याच्या टेबलावर मानानं ठेवली आणि जग ती खायला जातं. शेगावनं एक कचोरी नीट केली आणि गावाचं नाव दूरवर गेलं. उद्या तुमच्यापैकी कुणी पुण्याची नोकरी शोधण्याऐवजी बुलढाण्याच्या चौकात वरण-बट्टीचं स्वच्छ, नेटकं हॉटेल टाकलं, तर त्याला नजाऱ्याची गरज पडणार नाही. गरज पडेल ती उद्या परत येणाऱ्या गिऱ्हाइकाची. आणि ते तयार करायचं काम आज दुपारच्या सुट्टीत, तुमच्या ऑर्डरपासून सुरू होतंय.