घाटावरून न दिसणारा डोंगर

वेरूळ मागे पडले की कन्नडपर्यंतचा रस्ता बराचसा सपाटीचा. दोन्हीकडे मका, कापूस, आले. आपण डोंगरमाथ्याकडे निघालो आहोत हे सांगूनही पटू नये. कन्नडच्या पुढे मात्र जमीन एकाएकी संपते आणि औट्रम घाटाची, म्हणजेच कन्नड घाटाची, वळणे चाळीसगावच्या सखल मुलखात उतरतात. खानदेशातून पाहणाऱ्याला हीच सातमाळा-अजिंठा रांग उभ्या तटासारखी दिसते.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, ते जवळपास आडवेच. पुढे उत्तरेकडे तापीचे खोरे प्रस्तरभंगाच्या रेषांवर खचले आणि ओढ्यानद्यांनी ती कड कोरत नेली. दक्षिणेचे पठार सावकाश गोदावरीकडे कलत राहिले. म्हणून माथ्यावरच्या दोन शेजारच्या थेंबांची वाट वेगळी होते: शिवना-पूर्णेतले पाणी बंगालच्या उपसागराला, तितूर-वाघूरमधले तापीतून अरबी समुद्राला. (विदर्भातली पूर्णा तापीला मिळते, ही गोदावरीला. भूगोलाच्या पेपरात हा घोटाळा हमखास होतो.)

उत्तरेच्या उतारावर पाण्याला मुरायला सवड नसते. बेसॉल्टच्या कठीण थराला भेगा असतात, त्याखालचा थर कित्येकदा मऊ, भुसभुशीत. पाणी भेगांतून उतरते, मऊ थर झिजतो आणि वरचा कातळ निराधार होतो. ३१ ऑगस्ट २०२१च्या अतिवृष्टीत कन्नड घाटात दरडी कोसळल्या, तितूर आणि डोंगरी या नद्यांचे पाणी चाळीसगावात घुसले. वाघूरने अजिंठ्याला नालाकृती दरी कोरली तीही अशाच झिजेतून. लेणी खोदणाऱ्यांना हवा तो उभा कडा तिथे आयता मिळाला.

१९४८पर्यंत या रांगेच्या एका अंगाला निजामाचा मुलूख होता, दुसऱ्या अंगाला १९४७पर्यंत ब्रिटिशांचा खानदेश. पण राज्यकर्त्यांची हद्द पाणलोट पाहून आखलेली नव्हती. अजिंठा गाव घाटावर, सिल्लोड तालुक्यात. लेणी सोयगाव तालुक्यात. सोयगाव मराठवाड्यात, तरी तिथले बहुतेक पाणी तापीला जाते. गोदावरीवरचे जायकवाडी धरण किती भरले, ही बातमी सोयगावकराने ऐकावी आणि सोडून द्यावी!

१९८६ साली घोषित झालेले, सुमारे २६० चौरस किलोमीटरचे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत पसरले आहे. मार्च २०२१मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. पट्टे जुळवल्यावर तो यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला निघाला. त्याआधी २०१९मध्ये टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता, आणि ज्ञानगंगाही याच अजिंठा रांगेत आहे. रांगेवरचे जंगल मात्र तुटक, घाटरस्त्यांनी छेदलेले. कन्नड घाटाखालून बोगदा काढावा ही चर्चा जुनी आहे, पण ती ट्रकांच्या सोयीची. वर जंगल सलग राहिले तर वाघाचाही रस्ता मोकळा होईल, हा मुद्दा त्या चर्चेत यायला हवा.