गोणीवाले राजे

आयर्लंड हे इंग्लंडच्या पश्चिमेचे बेट. तेथे एक जुनी गोष्ट सांगतात.

या बेटावरचे काही लोक ग्रीस देशात गेले. तिथे ते गुलाम झाले. गोण्यांतून माती वाहायची, उघड्या खडकावर पसरायची, शेत तयार करायचे. राबायचे त्यांनी, पीक दुसऱ्याचे! शेवटी ते उठले. त्याच गोण्यांच्या त्यांनी होड्या केल्या नि परत आले. पाच भावांनी देशाचे पाच वाटे केले. माती वाहणारे राजे झाले! त्यांना म्हणत फिर बोल्ग, म्हणजे गोणीवाले.

अकराव्या शतकात ही गोष्ट ग्रंथात आली. हा इतिहास नव्हे, दंतकथा आहे. आज आयर्लंडचे प्रांत चारच. तरी आयरिश भाषेत प्रांताला अजून ‘पाचवा हिस्सा’ असेच म्हणतात. राज्ये जातात, शब्द राहतात.