नगरचा कापडबाजार: बस्ता, कोपरी आणि चितळे रोडचा प्लॉट

लग्न ठरलं की दक्षिण नगर जिल्ह्यात पुढचा विषय निघतो तो बस्त्याचा. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत, श्रीगोंदा, पारनेर या तालुक्यांत, आणि हद्दीपलीकडे बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याकडेही, बस्ता कुठं बांधायचा याचं उत्तर कित्येक पिढ्या ठरलेलं होतं: नगरला, कापडबाजारात. आष्टीच्या माणसाचा जिल्हा बीड असला तरी बाजार नगरचाच. सरकारी नकाशा आणि बाजाराचा नकाशा कधी जुळत नाहीत, आणि माझ्या मते खरा नकाशा दुसराच.

शहराचा इतिहास नगरकरांना तोंडपाठ आहे, तेव्हा भराभर सांगतो. 1490 मध्ये मलिक अहमद निजामशहानं बहामनी फौजेला भिंगारजवळ हरवलं आणि तिथंच शहर वसवलं. कैरो-बगदादशी तुलना झाली, किल्ला उभा राहिला, तटबंदी आली, वेशी आल्या. 1803 मध्ये वेलस्लीनं किल्ला घेतला, 1942 ते 45 या काळात नेहरू, पटेल, आझाद तिथं कैदेत होते. नगरपालिका 1854 ची, महापालिका 2003 ची, आणि 2024 पासून शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर. तटबंदी गेली. दिल्ली दरवाजा आणि माळीवाडा वेस तेवढ्या वाहनांच्या कोंडीत उभ्या आहेत.

पेठ म्हणजे एकटा कापडबाजार नव्हे. गंजबाजार, सराफ बाजार, मोची गल्ली, घास गल्ली, शहाजी रोड, डाळमंडई, आडते बाजार, तेलीखुंट, नवी पेठ आणि चितळे रोड हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. पायी फिरलात तर अर्ध्या तासात एक चक्कर होते, गाडीनं गेलात तर होत नाही. रस्ते बैलगाडीच्या मापाचे आणि दुकानं दहा-बारा फूट रुंद, पण आत शिरलं की संपता संपत नाहीत. मोची गल्लीत आता पादत्राणांपेक्षा पर्स, बांगड्या आणि ओढण्याच जास्त दिसतात.

या पेठेला कापडाचं नाव उगीच मिळालेलं नाही. नगर हे विणकरांचं गाव होतं. एकोणिसाव्या शतकात इथली लुगडी आणि पागोटी लांबच्या बाजारांत जात. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर शहरातल्या तोफखाना भागात स्थिरावले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल नगरात राहून हातमागात सुधारणा करत होते. त्यांचा माग ‘चर्चिल माग’ म्हणूनच ओळखला गेला. पुढे गिरण्यांच्या आणि यंत्रमागाच्या कापडानं हातमाग बसवला, विणकरांच्या घरांत विड्या वळल्या जाऊ लागल्या. बाजाराचं नाव मात्र टिकलं, माल सुरत, भिवंडी, इचलकरंजी आणि येवल्याहून येऊ लागला.

बस्त्याचा दिवस पाहायचा असेल तर लग्नसराईच्या तोंडावर जावं. एखाद्या मोठ्या दुकानात गादीवर दोन्हीकडची मंडळी पसरलेली असतात, वीस-पंचवीस तरी. नवरीचा शालू, पैठणी, हळदीची साडी, करवलीची साडी, मग मानपानाचा ढीग: मामा, आत्या, चुलते, व्याही, आणि शेवटी देण्याघेण्याच्या साड्यांचा गठ्ठा, टॉवेल-टोप्या, उपरणी. गादीवरचा माणूस साडी अशी फेकतो की पदर बरोबर बघणारीच्या गुडघ्याशी उलगडतो. रंगावरून नवरीची मावशी रुसते, किमतीवरून वरबाप गप्प होतो, चहा येतो, पुन्हा चहा येतो. दुकानदाराला घरातलं राजकारण पाच मिनिटांत कळलेलं असतं. “बिल कोण देणार ते मी बघतच नाही,” एका शेठनी मला सांगितलं, “कोणाच्या मानेकडं बघून बाकीचे माना हलवतात ते बघतो.” एवढं शहाणपण कुठल्या व्यवस्थापनाच्या पुस्तकात असेल असं वाटत नाही.

त्याच रस्त्यावर एका दुकानाच्या ओट्यावर पायमशीन टाकून एक वृद्ध शिंपी बसतात. नाव छापू नका म्हणाले. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणतो. पूर्वी कापडाच्या बहुतेक दुकानांच्या ओट्यावर असा एक शिंपी असे. शेतकरी सकाळच्या गाडीनं येई, दुकानात मांजरपाट किंवा खादी घेई, पायरीवरच माप देई आणि आडत्याकडं पट्टीचे पैसे घ्यायला जाई. पैसे मोजून झाले, बी-बियाणं झालं, जमलं तर चित्रा किंवा सरोष टॉकीजला एक खेळ झाला की चारच्या सुमाराला कपडा तयार. पाचच्या एसटीनं माणूस नवी कोपरी घालूनच गावी परते.

कोपरी काकांच्या हातची. दिसायला बिनकॉलरची साधी बंडी. खरी मेहनत खिशांत. बाहेर दोन: एक चंची-तंबाखूचा, दुसरा सुट्ट्या पैशांचा. आत डाव्या काखेखाली तिसरा, बाहेरून दिसत नाही आणि गर्दीत कोणाचा हात जात नाही. हा आतला खिसा टेपनं मापायचा नसतो. गिऱ्हाइकाला उभं करायचं, त्याचाच पंजा छातीवर ठेवायला सांगायचा आणि बोटं जिथं टेकतील तिथं खडूची खूण करायची. “त्याच्या हातानं त्याला अंधारात पैसे काढता आले पाहिजेत,” काका म्हणाले. “टेपचं माप अंगाचं, खिशाचं माप सवयीचं.” कांद्याला भाव असेल त्या वर्षी लोक खिसा चार बोटं खोल सांगत, भाव पडला की खिशाचं कोणी बोलतच नसे. कांद्याचा भाव मी पेपरात वाचून समजत आलो, काकांनी तो खिशाच्या खोलीवरून ओळखला.

आता कोपरीची मागणी तुरळक. वारीला जाणारे म्हातारे, एखादा कीर्तनकार, अधूनमधून नाटकवाले. काकांचं पोट चालतं ते तयार जीन्सची उंची कमी करण्यावर. पाहुणा मुलगा दुकानातून पँट घेऊन येतो, काका पाय दुमडून चार इंच कापतात, मशीन मारतात, दहा मिनिटांत मोकळं. कापलेले तुकडे टाकत नाहीत, त्यांच्या पिशव्या शिवतात. तक्रार फारशी नाही. एवढंच म्हणाले, की पूर्वी माणूस माप देऊन गेला की संध्याकाळपर्यंत गावातच असायचा, आता पँट हातात पडली की गाडीला किक.

काकांच्या या वाक्यात पेठेचं सगळं दुखणं आहे असं मला वाटतं. इथला धंदा दुकानांवर जेवढा उभा होता, तेवढाच गिऱ्हाईक दिवसभर पेठेत थांबण्यावर. सतरा हजार चौरस किलोमीटरांचा, क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. तालुक्याचा माणूस नगरला आला की चार कामं एकाच दिवसात उरकून जाई. कचेरी, दवाखाना, आडत, बाजार, सगळं चालण्याच्या अंतरावर. मग आडत मार्केट यार्डात गेली, कांद्याचे लिलाव नेप्तीच्या उपबाजारात गेले, महापालिका संभाजीनगर रस्त्यावर गेली. प्रत्येक स्थलांतराला कारण होतं आणि बहुतेक कारणं रास्त होती, कांद्याचे ट्रक डाळमंडईत कसे मावणार? पण पट्टीचा पैसा हातात पडायची जागा पेठेपासून दूर गेली, आणि त्या पैशाला आता पेठेत यायला मुद्दाम वेळ काढावा लागतो.

शहरही उत्तरेला सरकलं. सावेडी, प्रोफेसर कॉलनी, गुलमोहर रोड, पाइपलाइन रोड या भागात काचेची शोरूम उभी राहिली. तिथं गाडी लावायला जागा आहे, कपडे घालून बघायला खोली आहे, आणि किमतीची घासाघीस नाही. शिकलेल्या पोरींना ते आवडतं, त्यांची चूक नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये सुरू झालेल्या सुमारे तीन किलोमीटरच्या उड्डाणपुलानं पुण्याकडून संभाजीनगरला जाणारी वाहनं शहराच्या डोक्यावरून नेली. कोंडी कमी झाली हे खरंच. रेल्वे 2022 मध्ये आष्टीपर्यंत गेली, पण नगरचं स्टेशन पडलं गावाच्या टोकाला. तिथून पेठेत यायला रिक्षाच करावी लागते.

जुन्या बाजारपेठांचं हे दुखणं जगभरचं आहे. अमेरिकेत व्हिक्टर ग्रुएन नावाच्या वास्तुरचनाकारानं 1956 मध्ये मिनिआपोलिसजवळ साउथडेल हा बंदिस्त मॉल उभारला आणि मध्यवस्तीतलं गिऱ्हाईक उपनगरात ओढायची रीत घालून दिली. मिशिगनमधल्या कॅलामाझू या मध्यम शहरानं मग आपली ओस पडणारी पेठ वाचवायला सल्ला घेतला तोही ग्रुएनचाच. 1959 मध्ये तिथल्या मुख्य रस्त्यावर वाहनं बंद करून झाडं-बाकं लावली, आणि शेकडो गावांनी नक्कल केली. 1998 मध्ये त्याच रस्त्याच्या काही भागात पुन्हा वाहनं सोडावी लागली. पुण्यानं 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रोडवर पादचारी दिन सुरू केला, तोही एका दिवसापुरता. नगरमध्येही अधूनमधून कापडबाजार वाहनमुक्त करा म्हणून कोणी बोलतं. ऐकायला छान आहे. पण कॅलामाझूतली माणसं मोटारी घेऊन निघून गेली होती, त्यांना परत बोलवायचं होतं. आपल्याकडं माणसं अजून येतात, एसटीनं येतात, पिशव्या घेऊन येतात. त्यांच्यासाठी काय केलं, हे बघावं लागेल.

तर काय दिसतं? दुकानाबाहेर दुचाक्यांची रांग, रांगेबाहेर पथारीवाले, त्यांच्यामधून उरलेल्या हातभर वाटेनं डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई. दुकानदार आणि पथारीवाले यांचं भांडण जुनं आहे. बाजार बंद ठेवून आंदोलनं झाली, अतिक्रमणं हटली, पुन्हा बसली. वादाला नको ते रंगही चढले, त्यात मी पडत नाही. फेरीवाल्यांचा कायदा 2014 चा आहे. त्यात त्यांची नोंद करायची, त्यांना ठरावीक जागा आखून द्यायची असं स्वच्छ लिहिलं आहे. जागा आखून दिली असती तर निम्मं भांडण मिटलं असतं.

आणि जागा होती. चितळे रोडवर नेहरू मार्केट होतं, गावाची भाजी मंडई. इमारत जुनी झाली म्हणून पाडली, नवं संकुल होणार होतं. पाडल्यावर दहा वर्षांहून जास्त काळ तो प्लॉट मोकळा राहिला आणि भाजीवाल्या बायका चितळे रोडच्या कडेला, उन्हात आणि गटाराच्या वासात बसत राहिल्या. त्याच परिसरात 1838 पासूनचं जिल्हा वाचनालय आहे. मोठ्या शहरात या वाचनालयाचा आणि मंडईचा मिळून एक सुंदर चौक झाला असता. इथं वाचनालयात जाताना मेथीच्या जुड्या ओलांडाव्या लागत. मला त्याचं वाईट वाटत नाही, जुड्यांना वाटायला हवं होतं.

पुनर्विकास म्हटलं की आपल्याकडं आराखड्यात दुकानं आणि पार्किंग येतं. दुकानं विकून पैसा उभा राहतो, त्यामुळं मजले वाढतात. तळमजला चालतो, पहिला मजला कसाबसा चालतो, वरच्या मजल्यांच्या शटरांना गंज चढतो. हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावच्या संकुलात जाऊन बघावं.

बस्त्याला आलेल्या पाथर्डीकडच्या एका मावशींना मी विचारलं, बाजारात काय सुधारायला पाहिजे? मला वाटलं, रस्ते म्हणतील, पार्किंग म्हणतील. त्या आधी हसल्या, मग सुनेकडं बघून म्हणाल्या, “बाजारात यायचं म्हणलं की सकाळपासून पाणी पीत नाही मी. जायचं कुठं?” दिवसभर बसून लाखभर रुपयांचा बस्ता बांधणाऱ्या बायका तहानलेल्या बसतात आणि पुरुष मंडळी पार्किंगची चर्चा करतात. ओळखीच्या दुकानदाराच्या घरात, मागच्या जिन्यानं, संकोचानं सोय होते. ओळख नसेल तर नाही.

म्हणून मागणं थोडंच आहे. नेहरू मार्केटच्या जागेवर जे काही उभं राहील त्याचा तळमजला भाजीवाल्या बायकांना आधी द्यावा, आणि त्याच मजल्यावर बायकांसाठी पाणी असलेलं, रोज धुतलं जाणारं स्वच्छतागृह आणि गाठोडं टेकवून बसायला एक खोली असावी. पेठेतल्या व्यापाऱ्यांनी हे कामाचा आदेश निघायच्या आधी लेखी मागून घ्यावं, कारण गिऱ्हाईक त्यांचं आहे. वरच्या मजल्यांचं नंतर बघता येईल.